खेळणारा, पाहणारा आणि पडदा : व्हिडिओ गेमवर आधारित चित्रपट व प्रेक्षकाचा प्रतिसाद

प्रास्ताविक

साहित्यकृतीचे माध्यमांतर हा विषय मराठीच्या अभ्यासकांना आता नवा राहिलेला नाही. 'श्यामची आई' (१९५३), 'शाळा' (२०१२), 'कट्यार काळजात घुसली' (२०१५), 'नटसम्राट' (२०१६) या चित्रपटांच्या निमित्ताने मूळ कृती आणि तिचे पडद्यावरील रूप यांची तुलना आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. या तुलनेची रीतही ठरून गेली आहे. मूळ कृतीतील काय राहिले, काय गळले, काय नव्याने आले, असे तीन रकाने पाडायचे आणि शेवटी माध्यमाच्या मर्यादांचा उल्लेख करून थांबायचे. प्रस्तुत लेखिकेने आपल्या एम.फिल.च्या प्रबंधिकेत नाट्यकृतींच्या माध्यमांतराचा विचार याच रीतीने केला होता. ही रीत अपुरी आहे, याची जाणीव मात्र कोणत्याही ग्रंथाने नव्हे, तर वर्गातील एका विद्यार्थ्याच्या साध्या वाक्याने करून दिली.

रायगडच्या किनाऱ्यावरील आमच्या महाविद्यालयात शिकणारी बहुतेक मुले कोळीवाड्यांतून, आगरी वस्त्यांतून आणि वाड्यांतून येतात. माध्यमांतरावर चर्चा चालू असताना 'तुम्ही पाहिलेले एक उदाहरण सांगा' असे म्हटल्यावर एकाने कादंबरीचे किंवा नाटकाचे नाव न घेता एका व्हिडिओ गेमवरून निघालेल्या चित्रपटाचे नाव घेतले. चित्रपट आवडला का, असे विचारता तो म्हणाला, "मॅडम, पिक्चर वाईट नव्हता. पण माझ्या हातात काहीच नव्हतं." वर्ग हसला. मात्र हे वाक्य हसून सोडून देण्यासारखे नव्हते. चित्रपट मूळाशी एकनिष्ठ नाही, अशी ही तक्रार नव्हतीच. आपण कर्त्याचे केवळ साक्षी झालो, ही ती तक्रार होती. प्रस्तुत लेखात या तक्रारीचा अर्थ लावण्याचा, तिच्या आधारे काही गेम-चित्रपटांचे मूल्यमापन करण्याचा आणि तिचे मराठी रंगपरंपरेशी असलेले नाते तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

सांगणे, दाखवणे आणि करणे

लिंडा हचिअन यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या माध्यमांतरविषयक ग्रंथात कथेशी जोडले जाण्याचे तीन प्रकार मानले आहेत. कादंबरी सांगते, नाटक आणि चित्रपट दाखवतात, तर खेळ आपल्याला कथेत सहभागी करून घेतो. कादंबरीवरून चित्रपट होतो तेव्हा सांगण्याकडून दाखवण्याकडे प्रवास होतो. खेळावरून चित्रपट होतो तेव्हा करण्याकडून पाहण्याकडे प्रवास होतो. पहिल्या प्रवासात वाचकाची कल्पनाशक्ती काही अंशी बांधली जाते, हे खरे. तथापि वाचकही घटनेचा साक्षीच होता आणि प्रेक्षकही साक्षीच असतो. दुसऱ्या प्रवासात मात्र माणसाची जागाच बदलते.

हा भेद आपल्या परंपरेला अपरिचित नाही. ज्ञानदेवांच्या नावे सांगितला जाणारा मोक्षपट हा खेळही आहे आणि उपदेशही आहे. त्यातील शिडी चढून जाण्याचा आनंद आणि सापाच्या तोंडी पडण्याचा विषाद ज्याची सोंगटी त्याचाच असतो. उलट महाभारतातील द्यूतप्रसंग हजारो वर्षे सांगितला जात आहे, पण तेथे फासे कसे पडले याचे वर्णन आपल्याला फारसे आठवत नाही. आठवतात ती पणाला लागलेली माणसे. खेळाची कथा झाली की डाव मागे पडतात आणि परिणाम पुढे येतात. व्हिडिओ गेमवरून चित्रपट करणाऱ्यांपुढे नेमका हाच प्रश्न उभा राहतो. परिणाम सांगावेत तर खेळ हरवतो, डाव दाखवावेत तर कथा उभी राहत नाही.

मारिओचे दोन अवतार

जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ १९८५ साली आला. शिगेरू मियामोतो यांनी रचलेल्या या खेळाची कथा एका ओळीत संपते. राजकन्येला पळवून नेले आहे, नळकारागीर असलेल्या मारिओने तिला सोडवायचे आहे. आठ जगे, प्रत्येकात चार टप्पे आणि बहुतेक प्रत्येक किल्ल्याच्या शेवटी राजकन्या येथे नसून दुसऱ्या किल्ल्यात आहे असा निरोप, एवढाच त्याचा ऐवज. मारिओ अळंबे खाल्ल्याने मोठा का होतो, नळातून भुयारात का जातो, याचे कारण खेळ देत नाही. खेळणाऱ्यालाही ते लागत नाही. नियम कळला की पुरते.

१९९३ साली रॉकी मॉर्टन आणि ॲनाबेल जँकल यांनी या खेळावर हॉलिवूडमध्ये चित्रपट केला. त्यासाठी सुमारे ४ कोटी ८० लाख डॉलर खर्च झाले आणि अमेरिकेत जेमतेम २ कोटी १० लाख डॉलरच्या आसपास उत्पन्न झाले. बॉब हॉस्किन्स आणि डेनिस हॉपर यांच्यासारखे समर्थ नट असूनही तो का पडला, याचे उत्तर त्याच्या मांडणीत आहे. चित्रपटकर्त्यांनी प्रत्येक नियमाला कारण पुरवले. डायनोसॉरपासून उत्क्रांत झालेल्या प्राण्यांचे एक समांतर नगर निर्माण केले, अळंब्याला बुरशी म्हणून राजकीय कथानकात गोवले. खेळातील निरागस अतार्किकता नाहीशी झाली आणि तिच्या जागी अवजड तर्क आला. खेळलेल्याला तो ओळखीचा वाटला नाही आणि न खेळलेल्याला समजला नाही.

तीस वर्षांनी, २०२३ साली, ॲरन होर्वाथ आणि मायकल जेलेनिक यांचा सजीवपट आला. जगभरात त्याने १३० कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले. समीक्षकांनी कथानक पोकळ असल्याचे म्हटले आणि ते म्हणणे चुकीचे नाही. पण दोन प्रसंग पाहावेत. आरंभी मारिओ आणि लुइजी कामावर पोहोचण्यासाठी शहरातून धावतात, तेव्हा कॅमेरा त्यांना एका बाजूने, खेळात दिसत तसे दाखवतो. पुढे राजकन्या मारिओला अडथळ्यांच्या मार्गावर सराव करायला लावते आणि तो पुनःपुन्हा पडतो, पुन्हा उठतो. खेळाचा गाभा राजकन्येच्या सुटकेत नाही, या पडण्या-उठण्यात आहे. हे ओळखल्यामुळे, कथा पातळ असूनही, हा चित्रपट खेळाशी अधिक प्रामाणिक राहिला. एकनिष्ठता कथेशी नव्हे तर कृतीच्या लयीशी असू शकते, असे यावरून म्हणता येईल.

चूक कोणाची?

'प्रिन्स ऑफ पर्शिया' हे उदाहरण महाराष्ट्रातील तिशी-चाळिशीतील पिढीला विशेष जवळचे आहे. जॉर्डन मेकनर यांचा मूळ खेळ १९८९ चा. त्यांनी आपल्या भावाच्या धावण्या-उडी मारण्याचे चित्रण करून त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. एका तासात राजकन्येपर्यंत पोहोचायचे, ही त्यातील अट. २००१ नंतर तालुक्या-तालुक्यांत एमएस-सीआयटीचे वर्ग सुरू झाले, तेव्हा सर बाहेर गेले की संगणकावर हा जुना खेळ उघडणारी मुले पुष्कळ होती. जमिनीतून वर येणाऱ्या सुळ्यांवर राजपुत्र पडला की बोटे कळवर ताठ होत.

२००३ साली आलेल्या 'द सँड्स ऑफ टाइम' या नव्या रूपात राजपुत्राला काळ मागे नेणारा खंजीर मिळतो. खेळणाऱ्याची उडी चुकली की खंजिराच्या साह्याने काही क्षण मागे जाऊन ती पुन्हा मारता येते. शिवाय सारा खेळ राजपुत्र कोणाला तरी सांगत असलेली गोष्ट आहे, अशी रचना आहे. त्यामुळे खेळणारा मरण पावला की निवेदक राजपुत्रच गोष्ट सांगताना आपली चूक झाल्याचे म्हणून ती दुरुस्त करतो. खेळणाऱ्याची चूक ही निवेदकाच्या स्मरणाची चूक ठरते. खेळाच्या नियमाला निवेदनतंत्राचा असा अर्थ देणे ही मोठीच कल्पकता होय.

माइक न्यूवेल यांच्या २०१० च्या चित्रपटात खंजीर आहे, वाळू आहे, काळाचे मागे जाणेही आहे. जेक जिलेनहॉल यांनी उड्या सफाईने मारल्या आहेत. चित्रपटाने सुमारे ३३ कोटी डॉलर मिळवले, तरी त्याच्या अवाढव्य खर्चाच्या मानाने ते यश मानले गेले नाही. येथे मुद्दा उत्पन्नाचा नाही. चित्रपटात काळ मागे जातो तेव्हा सुधारली जाते ती कथानकातील दुर्घटना. आपली चूक नव्हे. प्रेक्षकाने कोणतीच उडी चुकवलेली नसते, त्यामुळे क्षमा मिळाल्याचा सुटकेचा निःश्वासही त्याच्या वाट्याला येत नाही. वस्तू पडद्यावर आली, तिचे कार्य आले नाही.

याची दुसरी, अधिक गंभीर बाजू 'द लास्ट ऑफ अस' या उदाहरणात दिसते. २०१३ चा हा खेळ २०२३ साली दूरचित्रवाणी मालिकेच्या रूपात आला. मालिका चित्रपट नसली तरी विषयाच्या दृष्टीने तिचा विचार येथे अप्रस्तुत नाही. तिच्या तिसऱ्या भागात खेळात केवळ खुणांतून सूचित झालेले दोन पुरुषांचे सहजीवन संपूर्ण उलगडून सांगितले आहे. सांगणारे माध्यम खेळापेक्षा काय अधिक करू शकते, याचा तो उत्तम नमुना ठरावा. पण शेवटाकडे, नायक जोएल मुलीला वाचवण्यासाठी शस्त्रक्रियागृहात शिरतो तेव्हा, खेळात डॉक्टरवर वार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तो वार खेळणाऱ्याच्या बोटाने होतो. मालिकेत तीच हत्या आपण पाहतो, सुन्न होतो, जोएलचा न्याय करतो. खेळात स्वतःचा न्याय करावा लागतो. 'माझ्या हातात काहीच नव्हतं' या वाक्यात गमावलेल्या मौजेबरोबर गमावलेली जबाबदारीही आहे, हे येथे ध्यानात येते.

भारतीय पडद्यावरील उलटा प्रवास

भारतात खेळावरून चित्रपट होण्याची परंपरा रुजलेली नाही. प्रवास झाला तो बहुधा उलट दिशेने. 'गजनी' (२००८) या हिंदी चित्रपटावरून हैदराबादच्या एका कंपनीने संगणकीय खेळ काढला आणि तो भारतातील पहिला त्रिमिती संगणकीय खेळ म्हणून जाहीर झाला. अनुभव सिन्हा यांच्या 'रा.वन' (२०११) या चित्रपटाने मात्र वेगळी वाट घेतली. येथे आधी खेळ नाहीच. चित्रपटच एका काल्पनिक खेळाची कथा सांगतो. मुलाला खलनायक आवडतो म्हणून बाप अजिंक्य खलनायकाचा खेळ रचतो, आणि तो खलनायक खेळाबाहेर येऊन सूड घेऊ लागतो. नावातच रावण आहे. दसऱ्याच्या दहनाशी जोडलेली ही कल्पना भारतीय प्रेक्षकाला सहज कळणारी होती.

'रा.वन'मधील तंत्राचे कौतुक झाले आणि पटकथेवर टीका झाली. ती टीका योग्यच होती, कारण विनोद आणि गाणी यांच्या गर्दीत खेळाचे नियम विसरले जातात. पण शेवटच्या लढाईत मुलगा स्वतः खेळाडू होऊन नायकाच्या हालचाली चालवतो, या एका कल्पनेत चित्रपटाचे सामर्थ्य आहे. प्रेक्षकाच्या हातात जे नाही ते त्याच्या प्रतिनिधीच्या हातात दिले गेले. पाहणाऱ्याने कोणाच्या खांद्यावरून पाहायचे, याचे उत्तर येथे नकळत मिळून जाते. त्या उत्तराकडे पुढे यायचे आहे. दरम्यान, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी' हा खेळ २०२० साली जगापुढे आला, हेही नोंदवावे. खेळ रचण्याची कला आता महाराष्ट्राबाहेरची राहिलेली नाही. म्हणून तिच्या समीक्षेची भाषाही मराठीत घडणे आवश्यक आहे.

वन्समोअरचा हक्क

कर्तेपण गमावण्याचा हा अनुभव मराठी प्रेक्षकाला खरोखरच नवा आहे काय? लेखिकेच्या मते नाही. संगीत नाटकाचा प्रेक्षक केवळ पाहणारा कधीच नव्हता. पद आवडले की तो वन्समोअर मागे आणि नट ते पुन्हा म्हणे. बालगंधर्वांच्या काळी पदांच्या पुनरावृत्तीमुळे प्रयोग पहाटेपर्यंत लांबत. कथानक थांबवण्याचा, वेळ मागे नेण्याचा आणि तोच क्षण वेगळ्या आलापीने पुन्हा घडवण्याचा हा हक्क प्रेक्षकाच्या हाती होता. राजपुत्राच्या खंजिराचे काम आमच्या नाट्यगृहात टाळ्या करीत असत.

हा हक्क चित्रपटाने काढून घेतला. १९३७ साली बाबूराव पेंटर यांच्या 'साध्वी मीराबाई'त बालगंधर्व आपल्या रंगभूमीवरील भूमिकेसह पडद्यावर आले. आवाज तोच, नट तोच, वेषही तोच. तरीही चित्रपट चालला नाही. स्त्रीभूमिका करणारा पुरुष नट कॅमेऱ्याच्या निकटतेत टिकत नाही, हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण आहे आणि त्यात तथ्य आहे. त्याला आणखी एक कारण जोडावेसे वाटते. पडद्यावरचे बालगंधर्व प्रेक्षकाचे ऐकू शकत नव्हते.

'कट्यार काळजात घुसली' हे नाटक डिसेंबर १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे लेखन, जितेंद्र अभिषेकींचे संगीत आणि वसंतराव देशपांडे यांचे खाँसाहेब ही त्याची कीर्ती. एकच पद दोन घराण्यांच्या गायकीत ऐकवणे हा त्या नाटकाचा खरा नाट्यविषय होता. सुबोध भावे यांनी २०१५ साली केलेल्या चित्रपटात वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा आवाज सचिन पिळगावकरांच्या खाँसाहेबांना लाभला, महेश काळे यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, शंकर-एहसान-लॉय यांनी जुन्या पदांबरोबर नव्या रचना दिल्या. चित्रपट लोकप्रिय झाला आणि नव्या पिढीला नाट्यसंगीताकडे घेऊन आला.

प्रबंधिकेत लेखिकेने या चित्रपटाविषयी 'गायनाचा विस्तार कमी झाला आणि कथानकाचा वाढला' असे नोंदवले होते. निरीक्षण चुकीचे नव्हते, पण त्याचा अर्थ तेव्हा कळला नव्हता. गायन आखडले ते केवळ वेळेअभावी नव्हे. नाटकात गाणे लांबत असे ते समोरच्या दादेमुळे. दाद देणाराच नाहीसा झाल्यावर गाण्याला लांबण्याचे कारण उरत नाही, आणि मोकळी झालेली जागा कथानकाने भरावी लागते. पनवेलच्या चित्रपटगृहात पद संपल्यावर मागच्या रांगेतील काही वयस्क मंडळींनी 'वन्समोअर' म्हटल्याचे लेखिकेला आठवते. मग ती स्वतःच हसली, कारण पुढचे दृश्य सुरू झाले होते. त्या हसण्यात आणि आमच्या विद्यार्थ्याच्या तक्रारीत फरक फक्त पिढीचा आहे.

ओटीवरचे प्रेक्षक

येथपर्यंतचे विवेचन हानीचे झाले. पण मग गेम-चित्रपट पाहायला लोक जातात कशासाठी? या प्रश्नाच्या उत्तरासाठी लेखिकेला आपल्या लहानपणाकडे वळावे लागते.

श्रीवर्धनच्या बाजूला आमच्या वाडीत पहिला व्हिडिओ गेम आला तो गणपतीच्या दिवसांत. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांपैकी एका काकांनी आपल्या मुलासाठी आणला होता. मूळ कंपनीचा नव्हे, स्वस्तातील नक्कल. एका कॅसेटमध्ये लाखो खेळ असल्याची बढाई आणि प्रत्यक्षात तेच ते दहा-बारा खेळ. दूरदर्शन संच माजघरात होता, तो ओटीवर आणला गेला. खेळणारा एक, क्वचित दोन. बाकी आम्ही दहा-पंधरा पोरे मागे बसलेली. 'एक लाइफ तुझी, एक माझी' असा पाळीचा कायदा होता. पण मोठ्या भावंडांच्या पाळ्या संपेपर्यंत मुलींची पाळी येतच नसे. लेखिकेने त्या चार दिवसांत मारिओ फार तर दोनदा खेळला. पाहिला मात्र तासन्‌तास. 'दादा, उडी मार', 'वरची वीट फोड', 'नळात जा' असा आरडाओरडा चाले. वीज गेली की पाचव्या जगापर्यंत पोहोचलेला डाव पुसला जाई आणि साऱ्या ओटीचा एकच उसासा निघे. पराभव दादाचा नव्हता, आमचा होता.

सारांश, खेळाला प्रेक्षक होता, चित्रपट होण्याच्या कितीतरी आधी होता. ज्यांच्या घरी यंत्र नव्हते, ज्यांची पाळी येत नव्हती, अशा सर्वांनी खेळ पाहूनच आपलासा केला. आज मोबाइलवर दुसऱ्याचा खेळ पाहणारी मुले हीच ओटी वेगळ्या जागी मांडून बसलेली आहेत. खेळणारा विरुद्ध पाहणारा, अशी जी टोकाची विभागणी आपण वर स्वीकारली, तिच्यामध्ये हा तिसरा माणूस उभा आहे. तो करीत नाही, पण स्वस्थ पाहतही नाही. तो सांगतो, ओरडतो, हळहळतो. चांगला गेम-चित्रपट या तिसऱ्या माणसासाठी केलेला असतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. २०२३ चा मारिओ यशस्वी झाला कारण तो आपल्याला खेळाडूच्या मागे बसवतो. 'रा.वन'चा शेवट परिणाम करतो कारण तेथे मुलाच्या खांद्यावरून पाहता येते. १९९३ चा मारिओ फसला, कारण त्यात ओरडून सांगावे असे काही नव्हते.

सिद्धी आणि गोंगाट

या तिसऱ्या माणसाच्या प्रतिसादाला शास्त्रात स्थान आहे काय? भरताच्या नाट्यशास्त्रातील सत्ताविसावा अध्याय प्रयोगाच्या सिद्धीचा आहे. मानुषी सिद्धी वाणीची आणि शरीराची अशी दोन प्रकारची सांगितली आहे. स्मित, हास्य, 'साधु', 'अहो' असे उद्गार ही वाणीची. रोमांच, आसनावरून उठणे, वस्त्रे व अंगठ्या फेकणे ही शरीराची. प्रेक्षकाचा देह आणि आवाज हा प्रयोगाचा भाग मानणारी ही दृष्टी आहे. 'जय संतोषी माँ' (१९७५) पाहताना चपला बाहेर काढून बसणारे आणि पडद्यावर नाणी उधळणारे प्रेक्षक, 'सैराट' (२०१६) मधील गाण्याला उठून नाचणारे तरुण, ही तिचीच उदाहरणे होत.

२०२५ साली जॅरेड हेस यांचा 'अ माइनक्राफ्ट मूव्ही' आला तेव्हा अमेरिका व ब्रिटनमधील चित्रपटगृहांत असाच प्रकार घडला. कोंबडीवर बसून छोटे प्रेत येते त्या दृश्याला मुले उभी राहून ओरडू लागली, पॉपकॉर्न उधळू लागली. काही चित्रपटगृहांना सूचनाफलक लावावे लागले. मूळ खेळाला ठरलेली कथा नाही. ठोकळे रचून हवे ते उभारावे, हेच त्याचे स्वरूप. चित्रपट सर्जनशीलतेचे गुणगान करतो, पण त्यातील पात्रे पटकथेने नेमून दिलेलेच उभारतात. कृती म्हणून तो सामान्य आहे. त्याच्या प्रयोगातील सर्वांत खेळकर भाग पडद्यावर नव्हे, खुर्च्यांत घडला. हिरावलेले कर्तेपण प्रेक्षकांनी ओरडून परत घेतले.

तथापि येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रत्येक गोंगाट ही सिद्धी नव्हे. भरताने दैवी सिद्धी श्रेष्ठ मानली आहे आणि तिचे लक्षण भरलेले, निःशब्द, अविचल प्रेक्षागृह असे आहे. ओरडण्याजोगा क्षण आधीच ठरवून, मोबाइलवर पाहून, ठरल्या वेळी ओरडणे यात उत्स्फूर्तता कितपत उरते, हा प्रश्न रास्त आहे. शिवाय प्रेक्षकाचा दबाव नेहमी हितकर असतोच असे नाही. 'सॉनिक' चित्रपटाची झलक २०१९ साली प्रसिद्ध झाल्यावर नायकाच्या रूपावर इतकी टीका झाली की निर्मात्यांनी ते बदलले आणि प्रदर्शन फेब्रुवारी २०२० पर्यंत पुढे नेले. त्या वेळी बदल चांगला ठरला. पण ओळखीचेच पाहिजे, असा आग्रह वाढत गेला तर 'द लास्ट ऑफ अस'च्या तिसऱ्या भागासारखा नवा मार्ग कोण धरणार? ओटीवरची पोरे दादाला सल्ला देत, पण बटण त्याच्याच बोटाखाली असे. त्याने ऐकले नाही आणि तरीही डाव जिंकला, तेव्हाचा आमचा आनंद सर्वांत मोठा असे.

समारोप

प्रस्तुत विवेचनातून तीन गोष्टी पुढे येतात. एक, गेम-चित्रपटाचे मूल्यमापन कथेच्या एकनिष्ठतेवरून करणे अपुरे आहे. खेळातील कृतीची लय आणि चुकीची जबाबदारी यांचे पडद्यावर काय झाले, हे पाहिले पाहिजे. दोन, प्रेक्षकाने कर्तेपण गमावणे ही केवळ नव्या तंत्रज्ञानाची घटना नाही. संगीत नाटकाकडून चित्रपटाकडे येताना मराठी प्रेक्षकाने ती अनुभवली आहे. म्हणून नाट्यकृतींच्या माध्यमांतराचा आपला जुना अभ्यासही या दृष्टीने पुन्हा तपासावा लागेल, आणि त्यात लेखिकेची प्रबंधिकाही आली. तीन, खेळणारा आणि पाहणारा यांच्यामध्ये सल्ला देणारा एक प्रेक्षक आहे आणि यशस्वी गेम-चित्रपट त्याला जागा देतो.

शेवटी प्रश्न अध्यापनाचा उरतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या दुर्गांचा समावेश झाला. त्यांत आमच्या जिल्ह्यातील रायगड आणि खांदेरी आहेत. त्यानंतर त्याच विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, खांदेरीचा गेम झाला तर तोफ कोण चालवणार, आपण की महाराज?" हा प्रश्न निवेदनशास्त्राचा आहे, इतिहासाच्या नीतीचा आहे आणि रंगभूमीचाही आहे. तो विचारणाऱ्या मुलाने कादंबऱ्या फार वाचलेल्या नाहीत. म्हणून त्याला आस्वादाची दृष्टी नाही, असे आपण मराठीचे प्राध्यापक आजवर गृहीत धरीत आलो. ते गृहीत सोडावे लागेल. त्याच्या प्रश्नाचे उत्तर लेखिकेने पुढच्या तासाला देण्याचे कबूल केले आहे.